न टाकलेले एक्के

सुकेशनी जिना चढून वर आली ती दाराशी चप्पल काढायचंही विसरली. परभणीच्या स्टेशन रोडला झेरॉक्सच्या दुकानावर संघप्रियाचं दीड खोलीचं ऑफिस. खाजगी तपासाची पाटी लागल्यापासून इथं येणारी बाई बहुधा नवऱ्याच्या मागावर माणूस लावायला यायची. ही नवऱ्याला सोडवायला आली होती.

"जयभीम ताई. माझा नवरा मास्तर हाय, गणिताचा," ती म्हणाली. "त्यानं खून केला म्हणायलेत."

"कुणाचा?"

"परमेश्वर सरांचा. देवगाव फाट्यावर त्यांचं बी-बियाण्याचं दुकान हाय."

कोपऱ्यात बसलेल्या सितारामकाकांच्या हातातला चहा बशीत सांडला. काका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. संघप्रियाची जुनी मारुती चालवायची, तिच्याबरोबर हिंडायचं आणि कुठं सप्ताह बसला की टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभं राहायचं, एवढाच त्यांचा संसार उरला होता. परवा रविवारी ते देवगाव फाट्यावरच होते. सप्ताहाची सांगता, काल्याचं कीर्तन. कीर्तन संपून पंगत बसत होती तोच बाजारातून बोंब आली होती.

"परमेश्वरचा भाऊ योगीराज माझ्या भजनातला," काका म्हणाले. "कीर्तनभर माझ्या मांडीला मांडी लावून बसला होता बिचारा. फौजदारांना मीच तसं सांगितलं."

"म्हणजे माझ्याआधी तुम्हीच या भानगडीत शिरलात," संघप्रिया म्हणाली.

"खरं तेच सांगितलं, ताई."

"बघू," ती म्हणाली. कोर्टात दहा वर्षं कारकुनी केलेली बाई. साक्षीदाराचं खरं कसं असतं ते तिनं पुष्कळ ऐकलं होतं.

सुकेशनीनं सांगितलं ते असं. परमेश्वर दुकान भावाच्या जिवावर टाकून मोबाईलवर पोकरच्या टूर्नामेंट खेळायचा. नाव एवढं, की फाट्यावरची चार माणसं त्याच्याकडे खेळ शिकायला यायची. नागेश मास्तर त्यातला एक. रविवारी सकाळपासून मोठी टूर्नामेंट होती. दुपारच्या जेवणाआधी ती संपली आणि गुरू-शिष्य दोघंही बक्षिसात आले. नागेश पेढे घेऊन दुकानावर गेला. शटर अर्धं खाली होतं. आतल्या खोलीत परमेश्वर पालथा पडलेला, डोक्यावर पाच किलोचं वजन. नागेशनं ते उचलून बाजूला केलं आणि ओरडत बाहेर आला. वजनावर त्याचे ठसे. आत जाताना लोकांनी एकट्या त्यालाच पाहिलेलं. आणि परमेश्वरचा मोबाईल गायब.

"भांडण होतं का दोघांत?" संघप्रियानं विचारलं.

"सर सगळ्यांनाच टोचून बोलायचे. मागं चारचौघांत यांना म्हणाले, मास्तर, तुमच्या लोकांना सीट मिळायची सवयच हाय. सगळे हसले. हे बी हसले. घरी येऊन जेवले न्हाईत. ते पोलिसांना कुणीतरी सांगितलं."

काकांनी मान खाली घातली. संघप्रियानं गाडीची किल्ली त्यांच्यापुढे ठेवली.

नागेशला भेटायची परवानगी मिळाली. दोन रात्रींत त्याचा चेहरा उतरला होता, पण खेळाबद्दल विचारताच तो वर्गात उभा असल्यासारखा बोलू लागला.

ही टूर्नामेंट निराळी होती. शेवटी दहा जण उरले की दहाही जणांना बक्षीस एकच, गोव्याच्या मोठ्या स्पर्धेत प्रवेश. पहिल्याला जे, तेच दहाव्याला. अकराव्याला काहीच नाही. हजारभर माणसं खेळता खेळता अकरा उरली. आता एकच बाद व्हायचा होता.

"तुमच्या सरांची स्थिती कशी होती?"

"राजासारखी. त्यांच्याएवढ्या चिप्स, म्हणजे डावाला लावायच्या सोंगट्या, आणखी एकाकडेच होत्या. बाकीचे बारके. एकदोघं तर मरायलाच टेकले होते. सरांनी नुसतं पत्ते टाकत, म्हणजे आलेला डाव सोडत, बसायचं होतं. दोन तास ते तेच करत होते. आला हात की टाक. आम्हाला त्यांनीच शिकवलेलं, सुरुवातीला वाघ व्हा, शेवटी कासव. आणि मग..."

"मग?"

"दुसऱ्या मोठ्यानं सगळ्या चिप्स पुढं लोटल्या. ती नुसती धमकी होती. सर शहाणे आहेत, पत्ते टाकतील, हे धरूनच त्यानं लोटल्या. सरांनी त्याच्यापुढं आपल्या सगळ्या लोटल्या. पत्ते उघडले तर सरांकडे एक्क्यांची जोडी. ते जिंकले, समोरचा अकरावा होऊन बाद झाला, आणि आम्ही दहा जण पार पडलो."

"एक्क्यांची जोडी म्हणजे सगळ्यात मोठा हात ना," काका मध्येच म्हणाले. "मग त्यात चुकलं काय?"

नागेश कसनुसा हसला. "काका, एक्केसुद्धा पाचातून एकदा हरतात. हरले असते तर सगळं गेलं असतं. आणि जिंकून जास्त काय मिळालं? जे पत्ते टाकून मिळणारच होतं तेच. सर म्हणायचे, अशा जागी एक्के आले तर फोन पालथा घाला, पण टाका. मला धक्काच बसला. वाटलं, सरांना आज मस्ती चढली."

"त्या वेळी तुम्ही कुठं होतात?"

"घरीच. माझा डाव दुसऱ्या टेबलावर चालला होता. बायको शेजारी, आळीतली पोरं भोवती. मी दोन्ही टेबलं बघत होतो. मंडपाचा भोंगा आमच्या घरावरच वाजतो. बुवा कृष्ण गोकुळ सोडून निघाला ते सांगत होते, तेव्हाच सरांनी चिप्स लोटल्या. म्हणून चांगलं लक्षात आहे. खेळ संपल्यावर आम्ही शिष्यांनी निरोप पाठवले, त्यांना सरांची उत्तरंही आली."

बाहेर फौजदारांनी आपला हिशेब सांगितला. खोलीवर पत्र्याचं छत, आत भट्टी पेटल्यासारखा उकाडा, त्यामुळे डॉक्टर सकाळच्या न्याहारीपासून दुपारच्या जेवणापर्यंत केव्हाही म्हणतात. पण माणूस खेळ संपेपर्यंत खेळत होता, ते दहा जणांनी पाहिलं. मग मेला तो त्यानंतर. आणि त्यानंतर आत गेला एकटा मास्तर. फोन त्यानंच विहिरीत टाकला असेल.

"फोन कशाला टाकेल?" संघप्रियानं विचारलं.

"ते तो कबूल झाला की कळेल," फौजदार म्हणाले.

परमेश्वरची बायको राजेश्री माजघरात बसली होती. रविवारी ती सेलूला माहेरी होती, गाडी पाठवून तिला आणावं लागलं. रडून झालं होतं. पत्त्यांचं नाव काढताच तिनं तोंड फिरवलं. इस्पिक कुठलं नि बदाम कुठलं हेसुद्धा आपल्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक करून घ्यायचंही नव्हतं, असं ती म्हणाली.

"भावाभावांचं कसं होतं?"

"भांडण कधी झालंच न्हाई. ह्यांच्याशी भांडताच यायचं न्हाई कुणाला. समोरच्याला कितीबी बोलू द्या, हे गप. त्यो दमून बाद होईस्तोवर गप. भावजी विचारायचे, दुकानाच्या पाटीवर माझं नाव कधी लावता? हे फोनमधून मान वर काढायचे न्हाईत. भावजी मागं उभे राहून बघत बसायचे, खेळ संपला की बोलू म्हणून. एक संपला की दुसरा."

"आणि आता?"

"आता दुकान विकायचं ठरलं होतं. पुण्याला जायचं होतं आमाला. भावजींना सांगितलं का न्हाई, मला म्हाईत न्हाई."

दाराआड दोघा भावांची आई बायनाबाई बसली होती. ती काकांना म्हणाली, "सितारामभाऊ, तुमी व्हता म्हणून बरं. न्हाईतर मेल्यांनी माझ्या दुसऱ्यालाबी नेलं असतं." काकांचे डोळे भरून आले. देवानं आपल्याला त्या दिवशी योगीराजशेजारी बसवलं, ते ह्या माउलीसाठीच, असं त्यांना वाटलं.

योगीराज दुकानातच होता. भावाचा तिसरा दिवस होऊन दुकान उघडायला नको का, शेतकऱ्यांची पेरणी थांबत नाही, असं म्हणत त्यानं उजव्या हातानं सरकीचं पोतं ओढलं आणि त्यावर बसला. पाहुण्यांना खुर्च्या दिल्या. मास्तरबद्दल तो वाईट बोलला नाही. "माणूस भला, पण अपमान पोटात ठेवणारा," एवढंच म्हणाला.

संघप्रियानं त्याला खेळाबद्दल विचारलं.

"आमी गड्या-माणसातले, ताई. पोळ्याला, दिवाळीला तीन पत्ती. भावाचं ते इंग्रजी पोकर."

"समजा तुमच्या हातात एक्क्यांची जोडी आहे आणि समोरच्यानं सगळं लावलं. टाकाल?"

योगीराज मनापासून हसला. त्या घरात तीन दिवसांत हसलेला तो पहिलाच माणूस. "एक्के कोणी टाकतं का? येडा असंल त्यो. एक्के हातात येऊन टाकणाऱ्यानं पत्त्याला शिवू नये."

परतताना काका गाडीत योगीराजचं कौतुक करत राहिले. त्या दिवशी त्याचं मनगट लचकलं होतं, तरी कीर्तन सोडलं नाही. टाळ दुसऱ्याला दिला, पण मागच्या खांबाला टेकून बसला. काकाही मग पुढची जागा सोडून त्याच्यापाशीच बसले. काल्याच्या लाह्या वाटल्या तेव्हा लोकांनी ओंजळी पसरल्या, आणि ह्यानं बिचाऱ्यानं डावा हात पुढं केला.

"डावा?" संघप्रियानं विचारलं.

"मनगट दुखत होतं ना."

"आणि तुम्ही कीर्तनभर त्याच्याकडे बघत होतात?"

काका ओशाळले. अभंग सुरू झाला की त्यांचे डोळे आपोआप मिटतात, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक होतं. "पण मांडीला मांडी लागलेली होती," ते म्हणाले.

ऑफिसात येऊन संघप्रियानं कीर्तनाचा व्हिडिओ लावला. भजनी मंडळानं तो यूट्यूबवर टाकला होता. कॅमेरा मंडपावरून फिरला तेव्हा काकांनी स्वतःला दाखवलं, डोळे मिटून डोलणारे. शेजारी योगीराज, भर उन्हाळ्यात मांडीवर उपरणं पसरून, मान खाली. बुवा कृष्ण गोकुळ सोडून निघाल्याचं सांगत होते. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात योगीराजनं मान वर केली आणि तो हसला.

"भाव दाटला की कुणी रडतं, कुणी हसतं," काका म्हणाले.

संघप्रियानं तेवढाच तुकडा पुन्हा लावला. मग तिसऱ्यांदा लावला. मग फौजदारांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात सगळे जमले. राजेश्री, बायनाबाई, योगीराज आपल्या पोत्यावर, दोन शिपाई, फौजदार, आणि दाराशी सुकेशनी. फौजदारांनी घड्याळ पाहिलं. त्यांना हे काही पसंत नव्हतं.

"साहेब, मी फोनपासून सुरू करते," संघप्रिया म्हणाली. "खेळ संपल्यावर कुणी खून केला असता तर फोन नेऊन त्याला काय करायचं होतं? फोनची गरज एकालाच पडते. ज्यानं खेळ चालू असताना मारलं त्याला. पत्ते टाकणं चाललंय तोवर परमेश्वर जिवंत आहे, असं सगळे धरणार."

"म्हणजे खेळत दुसरंच कुणी होतं?"

"दोन तास नुसते पत्ते टाकत होतं. शिष्यांना वाटलं, सर कासव झाले. शेवटच्या टप्प्यातला सावध खेळाडू आणि मेलेला माणूस, दोघं लांबून सारखेच दिसतात. कुणाला शंका आली नाही. पण मग एक्के आले."

तिनं नागेशनं सांगितलेलं सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. दहांचं बक्षीस एकच, अकराव्याला शून्य, आणि म्हणून त्या जागी एक्केही टाकायचे. ज्यानं हे चार जणांना शिकवलं त्या माणसानं एक्के लोटणं शक्य नव्हतं. म्हणजे तेव्हा तो जिवंतच नव्हता.

"आता लोटले कुणी? ते नागेश मास्तर नाहीत. त्यांना हा नियम पाठ आहे, त्यांनी डोळे मिटून टाकले असते. शिवाय त्या वेळी ते आळीसमोर घरात बसले होते. राजेश्रीताई नाहीत. त्यांना एक्का ओळखता येत नाही, आणि त्या सेलूला होत्या. लोटणारा असा हवा, ज्याला पत्ते येतात, पण हा डाव येत नाही. भावाच्या मागं उभं राहून ज्यानं बटणं कुठली दाबायची ते पाहिलंय. आणि ज्याला तीन पत्तीच्या फडात एकच गोष्ट कळलीय, की एक्के टाकायचे नसतात."

सगळ्यांच्या माना वळल्या. काका पटकन म्हणाले, "ताई, तो माझ्याजवळ होता."

"होता, काका. फोनसकट होता. मनगट लचकलं म्हणून टाळ सोडला, म्हणजे उजवा हात मोकळा. तो उपरण्याखाली. फोन उघडाच मिळाला होता, एकदा बंद झाला की उघडता आला नसता, म्हणून हात त्यावरून काढायची सोय नव्हती. खेळ संपला तरी शिष्यांचे निरोप येत होते, त्यांना उत्तरं जायला हवी होती. प्रसादाला डावा हात पुढं केला तो म्हणून. काल त्याच लचकलेल्या हातानं ह्यांनी आपल्यासमोर सरकीचं पोतं ओढलं. आणि भोंग्यावर कृष्ण गोकुळ सोडत होता, मंडप रडत होता, तेव्हा ह्यांना हसू आलं. नागेश मास्तर म्हणतात, नेमके तेव्हाच एक्के जिंकले."

"हसणं म्हणजे पुरावा न्हाई," योगीराज शांतपणे म्हणाला.

"नाही. फोन पुरावा आहे. ज्याला बक्षिसाची गरज नसताना एक्के टाकवले नाहीत, त्याला गोव्याचं बोलावणं ज्यात येणार तो फोन टाकवेल का? विहीर शोधू नका, साहेब. हे इथं इतक्या खुर्च्या असताना कालही, आजही त्या एकाच पोत्यावर बसलेत. जरा उठवा त्यांना."

शिपायांनी त्याला दंडाला धरून उठवलं. सरकी फरशीवर ओतली. फोन तिसऱ्याच ओंजळीत लागला.

योगीराजनं फोनकडे पाहिलं, मग भिंतीकडे.

"दुकान इकतो म्हणून सकाळी बाहेरच्याकडून कळालं," तो म्हणाला. "इचारायला आलो. म्हणलं, दादा, हो म्हण, न्हाईतर न्हाई म्हण. सोळा वर्सं पोती उचलली, एकदा तरी मान वर कर. त्यो म्हणला, थांब, डाव चालू हाय. मी थांबलो. पुन्यांदा म्हणला, थांब. वजन हाताशीच व्हतं. मारल्यावर बी फोन त्याच्या हातात चालूच व्हता. पत्ते टाका म्हणून सांगायलाय."

काका पुढं झाले. "योगीराज, अरे कीर्तनात बसून... देवासमोर..."

"देव कुठला? तुमच्यासाठी बसलो तिथं." योगीराजचा आवाज आता अगदी साधा होता, गिऱ्हाइकाला बियाण्याचा भाव सांगावा तसा. "नमन झालं की तुमचे डोळे मिटतात. आणि तुमच्या शब्दावर सगळा तालुका इस्वास ठेवतो. मंडपात एवढं चांगलं आंधळं दुसरं कुणी न्हवतं."

त्याला नेलं. राजेश्री उठून आत गेली आणि तिनं कडी लावली.

ठाण्याच्या वऱ्हांड्यात फौजदार म्हणाले, मास्तरला आज सोडता येईल, पण आधी सितारामकाकांनी पहिला जबाब बदलून द्यायला हवा. योगीराज शेजारी बसला होता एवढंच माहीत, तो काय करत होता ते पाहिलं नाही, असं. पहिला जबाब तसाच राहिला तर त्याचा वकील उद्या तोच धरून बसेल, आणि मास्तर पुन्हा आत.

काका दाराकडे निघाले तर बायनाबाई वाटेत उभी. एवढ्या उन्हात चालत आली होती. तिनं त्यांचा हात धरला.

"सितारामभाऊ, त्यो तुमच्याजवळ व्हता. तुमीच म्हणला व्हता. तेच म्हणा. खोटं न्हाई सांगत मी, तुमचाच शबूद हाय. एक गेला. आता हा तरी ठिवा."

"मावशी, मास्तर निर्दोष आहे."

"असंल. त्याला बायको हाय, शाळा हाय. मला कोण हाय?"

वऱ्हांड्याच्या टोकाला सुकेशनी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती पुढं आली नाही, फक्त काकांकडे बघत राहिली. आयुष्यभर काकांनी कीर्तनात ऐकलं होतं की देव भक्ताला संकटातून सोडवतो. कुठल्या बुवांनी हे सांगितलं नव्हतं की दोन आया-बाया एकाच दारात उभ्या असल्या तर त्यानं कुणाकडे बघावं.

त्यांनी बायनाबाईची बोटं एकेक करून सोडवली आणि ते आत गेले.

जबाब लहानसा होता. लिहिणाऱ्या शिपायानं वाचून दाखवला, काकांनी सही केली. संघप्रिया खिडकीशी पाठमोरी उभी होती.

बाहेर बायनाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. काका चपला काढून तिच्यापुढं वाकले. पायावर डोकं ठेवणार, तोच तिनं दोन्ही पाय लुगड्याखाली ओढून घेतले. काका तसेच वाकलेले राहिले, हात अधांतरी.

मागून नागेश बाहेर आला. तीन दिवसांनी ऊन पाहत होता. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं, म्हातारा माणूस चपला शोधतोय. त्यानं घाईनं खाली वाकून काकांच्या चपला त्यांच्या पायांपुढं सरकवल्या.